विलासचा बंब

एकतीस डिसेंबर. रक्कम सात हजार चारशे शहाऐंशी रुपये. हजर: मी, तुझा दादा, तुझी वंदना, तुझी लेक गौरी आणि बंब पेटवणारी कौसल्याबाई. मोजणी तुझ्या दुकानात, खाली सतरंजी अंथरून झाली. दोनदा मोजले. दोन्ही वेळा तेवढेच भरले.

विलास, आधी आकडा सांगते, मग बाकीचं. माझी ही सवय तुला ठाऊक आहे. "वयनी सर्गात गेली तरी पयले पायऱ्या मोजन," असं तू गिऱ्हाइकांसमोर म्हणायचास आणि मी रागावले की उकडलेल्या तुरीच्या शेंगांची ताटली माझ्याकडे सरकवायचास. कालही शेंगा उकडल्या होत्या. वंदनानंच उकडल्या. मीठ थोडं जास्त पडलं. सगळ्यांनी तशाच खाल्ल्या.

तुझी तेरवी होऊन थोडेच दिवस झालेत. घरात अजून माणसं हळू बोलतात. तुझी चप्पल कोणी उचलत नाही आणि कोणी तिच्याकडे बघतही नाही. अशात वर्ष संपत आलं. बाहेर बेकरीवाल्यानं केकचे खोके रस्त्यापर्यंत मांडले, इंग्रजी शाळेची लेकरं लाल टोप्या घालून सायकली हाणत गेली, आणि माझ्या फोनवर नव्या वर्षाचे फुलाफुलांचे मेसेज येऊन पडू लागले. ज्यांना तुझं कळलं नव्हतं त्यांचे तुझ्याही फोनवर आले. तो फोन गौरी रोज चार्जिंगला लावते. कशाला लावतेस, असं मी एकदा विचारणार होते. मग पाहिलं की मीही रोज सकाळी सहाला माझा फोन हातात घेते. त्या वेळेला तुझा गुलाब यायचा. रोज एक गुलाब, त्याखाली सुप्रभात आणि एखादा सुविचार. "विलास, या गुलाबांनी माझी मेमरी भरली," मी कुरकुरायचे. तू म्हणायचास, "भरू द्या न वयनी, रिकामी ठेवून काय करता?" वर्षाच्या शेवटी फोन साफ करायचा, हा माझा नेम. यंदाही बसले. वायफळ ग्रुप काढले, जुनी बिलं काढली, कोणाकोणाच्या लग्नाच्या पत्रिका काढल्या. तुझ्या नावापाशी आले आणि चष्मा पुसायला उठले. परत बसलेच नाही.

पण मला बंबाचं सांगायचं आहे.

मी या घरात आले तेव्हा तू सातवीत होतास. पाढे येत नव्हते, म्हणून सासूबाईंनी तुला माझ्या हवाली केलं होतं. न्हाणीत तांब्याचा बंब होता. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की शेवटचा नंबर तुझा. तू बादली घेऊन यायचास आणि बंबाला कान लावून उभा राहायचास. पाणी तापायला लागलं की आत बारीक आवाज होतो, उकळीच्या आधीचा, कोणी लांबवर गुणगुणत असल्यासारखा. "वयनी, आयका न, पाणी बोलून राह्यलं," तू म्हणायचास. मी म्हणायचे, "तेराचा पाढा बोल आधी." तू तेराचा पाढा बंबाच्या सुरात म्हणायचास. तेरा सत्ते एक्याण्णववर नेहमी अडखळायचास आणि बंब मात्र पुढे चालू.

पुढे घरात गिझर आला, बंब माळ्यावर गेला. सासूबाई आजारी पडल्या त्या हिवाळ्यात तू सरकारी दवाखान्यात त्यांच्यापाशी राहिलास. एका सकाळी घरी आलास तो चहा न घेता थेट माळ्यावर चढलास.

"वयनी, बंब कुठी हाय?"

"कशाला?"

"तिथं आवारात माणसं नळावर आंगोळ करून राह्यले. थंडीनं दात वाजते. पेशंटले आत सगळं भेटते हो, पण पेशंटसंग आलेल्या माणसाचं काय? एक कोलामीण बाई पोरीच्या बाळंतपणाले आली पोडावरून, तिकडल्या वस्तीवरून. पत्र्याच्या डब्यात कागदं जाळून पाणी कोमट करून राह्यली."

मी तो बंब मोडीत घालायचा ठरवला होता. वजनसुद्धा करून ठेवलं होतं. ते मी तुला सांगितलं. तू बंब खांद्यावर घेतलास आणि जिन्यातून उतरताना म्हणालास, "वजन बरोबर हाय वयनी. लय भारी हाय."

दवाखान्याच्या गेटाबाहेर, कडुनिंबाखाली, तो बंब बसला. तो पेटवायला तू कौसल्याबाईला ठेवलंस. तिला गुडघ्यामुळे कापूस वेचायला वाकता येत नाही, थंडीचे दोन महिने तिला दुसरं काम नसतं. डिसेंबर-जानेवारी, रोज पहाटेपासून ऊन वर येईपर्यंत. ज्याला पाहिजे त्यानं बादली आणावी, न्यावी. पैसे कोणी द्यायचे नाहीत. लाकडं टालवरून तुझ्या नावावर यायची. आणि हे सगळं भागवायला तू एक दिवस ठरवलास, वर्षाचा शेवटचा. त्या दिवशी तुझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचा पूर्ण गल्ला बंबाचा. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्यानं मनाला येईल ते द्यावं.

त्या दिवशी दुकानावर जत्रा असायची. उकडलेल्या शेंगांचं पातेलं, पोरांचा कालवा, आणि काउंटरवर तुझा तो बोलका डबा. कोणी फोनवरून पैसे पाठवले की त्यातली बाई मोठ्यानं सांगायची, इतके रुपये प्राप्त झाले. तू त्या डब्याला एकतीस तारखेला लाल टोपी घालायचास. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा. मला ते मुळीच आवडायचं नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आम्हाला शिकवलेलं. इथं तर अख्ख्या गल्लीला कळत होतं. शिवाय ओरडण्याबद्दल त्या डब्याला महिन्याचं भाडं.

"वाजू द्या न वयनी," तू म्हणायचास. "एकाचं आयकलं की दुसऱ्याले वाटते. चूप बसून कोणाले वाटलं काही?"

तुझं देणंही तसंच होतं, मोकाट. फोनवर कोणाही आजारी लेकराचा फोटो आला की तू अकरा रुपये पाठवून द्यायचास. मी फोटो मोठा करून दाखवायचे: हेच लेकरू मागच्या वर्षी दुसऱ्या नावानं आलं होतं, विलास. तू म्हणायचास, "खोटं असन तर अकरा रुपये गेले. खरं असन तर?" मी म्हणायचे, "अकरा गुणिले किती, ते मोज." तू म्हणायचास, "तुमीच त पाढे शिकवले, तुमीच मोजा." हा वाद आपण कितीदा घातला असेल. दर वेळी मला वाटायचं, मी जिंकले. आता वाटतं, 'खरं असन तर' याचं उत्तर मी एकदाही दिलं नाही.

मागच्या एकतीस तारखेचं मात्र तुला आठवत असेल. कापसाच्या व्यापाऱ्याच्या माणसानं पाचशे एक पाठवले. डब्यातली बाई खणखणीत बोलली. पाठोपाठ नत्थूजींनी नातवाकडून फोन दाबून घेतला आणि बाई म्हणाली, पाच रुपये प्राप्त झाले. तो व्यापाऱ्याचा माणूस हसला. "नत्थूजी, शून्य लावाले इसरले का?" चार जण आणखी हसले. नत्थूजींनी टोपी सारखी केली, हातातल्या शेंगा परत पातेल्यात ठेवल्या आणि गेले. मी काउंटरच्या आत हात घालून डबा बंद केला.

"बंद काहून केला वयनी?"

"तुले दिसलं नाही?" माझ्याही तोंडून तुझीच भाषा निघाली, इतका मला राग आला होता.

"दिसलं. तो हासला तो चुकला. डबा कुठी हासला? डब्याले पाच अन् पाचशे एकच हाय. एकाच आवाजात सांगते."

"ऐकणारे कान एक नाहीत ना, विलास."

तू डब्याची टोपी काढून हातात फिरवत राहिलास. मग म्हणालास, "पुढच्या सालपर्यंत इचार करून सांगतो." मी म्हणाले, "सांग." आणि आपण तो विषय वर्षभरासाठी माळ्यावर टाकून दिला, बंबासारखा.

तुझ्या तेरवीनंतरची एक दुपार. मी अंगणातल्या उन्हात शेंगा सोलत बसले होते. डोळा कधी लागला कळलं नाही. स्वप्नात आपलं अंगण होतं, पण सगळीकडे वाफ. तुझ्या डब्यातली ती बाई बोलत होती. रुपये नव्हती सांगत. एक बादली ऊन प्राप्त झालं, ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, एक गुलाब प्राप्त झाला. वाफेत कोणीतरी पाठमोरं उभं होतं, खांदा एका बाजूला कललेला, जड वस्तू उचलल्यासारखा. मला वाटलं आता ती तुझं नाव घेईल. मी कान टवकारले. बाई म्हणाली, तेरा सत्ते. आणि पुढे बोललीच नाही. जाग आली तेव्हा सूप कलंडलं होतं आणि तुरीचे दाणे माझ्या पदरात.

तीस तारखेला सकाळी दारात हातगाडी थांबली. कौसल्याबाई. गाडीवर बंब, दोरीनं बांधलेला. तुझा दादा अंगणात पेपर वाचत होता. मी आणि वंदना बाहेर आलो.

"तुमची वस्तू घ्या बाई ठेवून," ती मला म्हणाली. "बुडातून गळून राह्यला. अन् लाकडंबी संपले."

"टालवरून आणायची होती की."

"गेलती न. टालवाला म्हणते, इतके दिवस विलासभाऊच्या नावावर लिवलं. आता कोणाच्या नावावर लिवू?"

कौसल्याबाई दोरी सोडायला लागली. तुझ्यामागे महिनाभर तिनं बंब तसाच पेटता ठेवला होता, उधारीच्या लाकडांवर आणि बिनपगारी. कोणी तिला ठेव म्हटलं नव्हतं, बंद कर म्हणूनही नाही. गाठ सुटेना, तेव्हा ती दातांनी सोडवायला लागली.

तुझा दादा उठला. त्याचं बोलणं थोडं असतं, तुला माहीत आहे. "यंदा राहू द्या बंब," तो म्हणाला. "आधी वंदनाचं घर पायजे. पोरीची फी हाय. दुकान बंद पडलं हाय. लोकं जे देतीन ते वंदनाच्या हाती द्या. बंब-गिंब पुढच्या साली पाहू."

तो चुकीचं बोलत नव्हता. मीही मनात तोच हिशोब केला होता. बंबाला काय लागेल तेही काढून बघितलं: कौसल्याबाईचे दोन महिन्यांचे चार हजार, टालचे मागचे-पुढचे मिळून तीन हजार दोनशे, बुडाला डाग द्यायचे दोनशे ऐंशी. एकूण सात हजार चारशे ऐंशी. तेवढ्यात वंदनाचा महिन्याचा किराणा, वीज आणि गौरीचा बसचा पास निघाला असता. मी दादाकडे बघून मान हलवणार होते.

वंदना पुढे झाली. तेरवीपासून ती धड एक वाक्य बोलली नव्हती. तिनं बंबावर हात ठेवला. तांबं गार असणार, पण तिनं हात काढला नाही.

"दुकानात नेऊन ठेवा," ती कौसल्याबाईला म्हणाली. "घरात नोका आणू. घरात आणला की माळ्यावर जाईन."

दुकान उघडायचं ठरलं ते बंबासाठी नाही, हे तुला सांगायला हवं. तुझ्या खणात लोकांचे फोन होते. दुरुस्त झालेले, अर्धवट राहिलेले, प्रत्येकाला तुझ्या अक्षरातली चिठ्ठी रबरानं बांधलेली. परक्याची वस्तू वर्ष ओलांडून आपल्याकडे राहू नये, म्हणून मीच म्हटलं, एकतीस तारखेला दुकान उघडू, ज्याचं त्याला देऊन टाकू. झालेल्या कामाचे पैसे वंदना घेईल, न झालेल्याचे कोणाकडून घ्यायचे नाहीत. तुझ्या खात्याचं बँकेत कळवल्यावर ते बंद झालं होतं, त्यामुळे काउंटरवरच्या त्या चौकटीवर, जिथे लोक फोन धरायचे, गौरीनं कागद चिकटवला: फक्त रोख. डबा शेजारीच होता. बंद. टोपी कोणी घातली नाही.

काल सकाळी गौरीनं खणातले फोन एकेक करून चार्जिंगला लावले. थोड्या वेळानं ते जागे व्हायला लागले. कोणाचा गजर वाजला, कोणाची आरती, एकात लहान लेकरू हसलं. बंद पडलेल्या दुकानात इतकी माणसं एकदम बोलायला लागली. गौरी मधे उभी होती आणि एकही बंद करत नव्हती. मीही नाही केला.

बंब दाराशीच होता. कोणी काही लिहिलं नाही, कोणाला काही मागितलं नाही. मला वाटलं होतं, लोक फोन नेतील, वंदनाला दोन शब्द बोलतील आणि संध्याकाळी बंब घरी जाईल. खरंच माळ्यावर.

पहिले आले नत्थूजी. त्यांच्या फोनची बॅटरी तू बदलून ठेवली होतीस. चिठ्ठीवर 'झालं' असं होतं. त्यांनी वंदनाला पैसे दिले, फोन कानाला लावून पाहिला, खिशात टाकला. मग बंबाकडे बघत राहिले.

"बंब इथी काहून? तिकडं लोकं वाट पाहून राह्यले असतीन."

कौसल्याबाई पायरीवर बसली होती. "गळते बाप्पा. अन् लाकडं नाई."

नत्थूजींनी बंडीच्या खिशात हात घातला, बंबाचं वरचं झाकण उचललं आणि एक नाणं आत सोडलं.

विलास, तू तो आवाज ऐकायला हवा होतास. रिकामं तांबं. नाणं आधी कडेला लागलं, मग मधल्या नळकांड्यावर, मग बुडाशी गरगरत गेलं आणि कितीतरी वेळ वाजत राहिलं. समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला. गौरी आतून धावत आली. "काकी, काय पडलं?"

"पाच रुपये," नत्थूजींनी स्वतःच सांगितलं. आणि झाकण ठेवून टोपी सारखी केली. पण कालचं ते टोपी सारखी करणं वेगळं होतं.

त्यानंतर लोक थांबायला लागले. आता यातली गंमत ऐक. कोणाच्याही खिशात पैसे नाहीत! फोन काढतात, चौकटीसमोर धरतात, कागद वाचतात आणि उभे राहतात. "वयनी, रोख कोण ठेवते आजकाल?" एक जण म्हणाला. मी म्हटलं, "मग जा घरी आणि घेऊन ये." देणाऱ्याला घरी पाठवणारी मीच पहिली असेन. पण गेले, आणि आलेही. मला वाटायचं, फोननं देणं सोपं झालं. काल वाटलं, सोपं झालं ते बरंच, पण घरी जाऊन डबे हुडकून परत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी फोन दाबणाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. एका बाईनं लेकराची गुल्लक आणली आणि लेकरालाच टाकायला लावलं. नाणी एकामागून एक पडत राहिली आणि लेकरू प्रत्येक नाण्याला कान लावत राहिलं. मला दुसरीकडे बघावं लागलं.

दुपारी व्यापाऱ्याचा तो माणूस आला. मागच्या वर्षीचाच. त्याचा फोन तुझ्याकडून अर्धवट राहिला होता. मी पैसे घेतले नाहीत. त्यानं ऐटीत पाचशेची नोट काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि बंबात सोडली. मग कान देऊन उभा राहिला.

काहीच झालं नाही.

त्यानं झाकण पुन्हा उचलून आत डोकावून पाहिलं. "पडली का हो वयनी?"

"पडली."

"आवाज नाई आला."

"नोट आहे. नोटेला कुठला आवाज?"

पायरीवरून कौसल्याबाई म्हणाली, "पाचाचं नाणं टाकून पाहा भाऊ. लय वाजते." सगळे हसले. न्हावी तर वस्तऱ्यासकट हसला. आणि तोही हसला, विलास. खिसे चाचपले, नाणं सापडलं नाही, शेजारच्याकडून एक घेतलं आणि टाकलं. वाजलं तेव्हा त्याचा चेहरा लेकरासारखा झाला.

वंदनाही हसली. तोंडाला पदर लावून, एकदाच. तुझा दादा तेव्हा दारात होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पुढे दिवसभर 'वंदनाच्या हाती द्या' हे वाक्य त्यानं काढलं नाही.

मला तिथे बसल्या बसल्या तुझी फार आठवण आली. रडू येण्यासारखी नाही. वादात ऐन मोक्याला समोरचा माणूस उठून गेल्यावर येते तशी. तू म्हणायचास वाजू द्या, मी म्हणायचे मुकं राहू दे. सासूबाईंच्या बंबानं दोन्ही केलं, आणि आपल्या दोघांनाही विचारलं नाही. तू असतास तर काउंटरवर थाप मारून म्हणाला असतास, पाहा, मी म्हटलंच होतं. मीही तेच म्हणाले असते. आणि पुढच्या वर्षासाठी नवा वाद शोधला असता.

संध्याकाळी दादानं आणि गौरीनं बंब उचलून सतरंजीवर पालथा केला. आधी मधल्या नळीतून राख पडली, मग नाणी. नोटा आत तांब्याला चिकटल्या होत्या, त्या गौरीनं हात घालून काढल्या. कोपरापर्यंत काळी झाली. दादा मोजायच्या आधी म्हणाला, "वंदना, अजून इचार कर. हे तुलेबी लागतीन."

"दुरुस्तीचे पैसे घरात," वंदना म्हणाली. "बंबातले बंबाले." आणि सोमवारपासून दुकान उघडते, असंही म्हणाली. गौरीला रिचार्ज येतो, बाकी ती शिकेल. दादानं मान खाली घातली आणि नाणी रचायला लागला, एकसारख्या थप्प्या, तुला मी शिकवल्या होत्या तशा.

सात हजार चारशे शहाऐंशी. लागणार होते सात हजार चारशे ऐंशी. इतकं नेमकं कसं, असं दादानं विचारलं. मी म्हटलं, लोकांची कृपा.

तुला खरं सांगते. दिवसभर मी बघत नाही असं दाखवून बघत होते. दिवेलागणीला कमी पडतंय असं वाटलं. सगळे चहाला आत गेले तेव्हा मी झाकण उचललं. माझे त्यात किती, ते तुलाही सांगणार नाही. नोटा होत्या. कोणाला ऐकू गेलं नाही. अंदाज सहा रुपयांनी चुकला, तेवढं मात्र मला लागून राहिलं आहे.

डाग देणारा संध्याकाळीच येऊन दुकानासमोर बसला आणि डाग देऊन गेला. पाणी भरून पाहिलं, गळालं नाही.

आज एक जानेवारी. धुकं होतं, दवाखान्यासमोरचा रस्ता दिसत नव्हता. दिग्रसकडून येणाऱ्या बसचे दिवे आधी दिसले, बस नंतर. मी पहाटे कधी घराबाहेर पडत नाही, पण आज गेले. टालवर जाऊन पैसे मोजून दिले. टालवाल्यानं विचारलं, कोणाच्या नावावर लिहू? मी म्हटलं, रोख आहे, नावाची गरज नाही. तो पावती फाडायला लागला. मग मीच म्हणाले, "थांबा. लिहा. विलास."

कडुनिंबाखाली चारजण बादल्या घेऊन उभे होते. कोणी एकमेकांना नव्या वर्षाचं काही म्हटलं नाही. हात बगलेत घालून जाळाकडे बघत होते. वाफ यायला लागली तशी माणसं तिच्यात पुसट झाली. कोणाचा खांदा कुठला ते कळेना. मी थोडी पुढे गेले. कोणी बघत नाही असं पाहून बंबाला कान लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पाणी बोलत होतं. काय ते सांगायचं तुझं राहून गेलं.

तेरा सत्ते एक्याण्णव, विलास.

दिले ते असे: कौसल्याबाईला चार हजार. टालवाल्याला तीन हजार दोनशे, पावती विलासच्या नावानं. डाग देणाऱ्याला दोनशे ऐंशी. उरले सहा रुपये. त्यांच्या तीन काडीपेट्या घेतल्या आणि कौसल्याबाईच्या हाती दिल्या.